कुबट वासाचा माग: गोळ्यांच्या बाटलीपासून पॅलेटच्या फळीपर्यंत

संधिवाताने आखडलेल्या बोटांनाही सहज उघडता यावं, म्हणून त्या बाटलीला खास लाल झाकण दिलेलं होतं. आत १०० गोळ्या. औषध साधं पॅरासिटॅमॉल, अमेरिकेतलं त्याचं नाव टायलेनॉल आर्थ्रायटिस पेन. २००८ मध्ये ही बाटली उघडणाऱ्या काही ग्राहकांनी कंपनीला कळवलं, की आतून कुबट वास येतो. ओल धरलेल्या बंद खोलीत येतो, तसा. काहींना गोळी घेतल्यावर मळमळ झाली, कुणाला पोटदुखी, कुणाला उलटी किंवा जुलाब. त्रास तात्पुरता होता, गंभीर नव्हता. पण दुखण्यावरची गोळी घेऊन पोट बिघडणं ही ज्याला ते झालं त्याच्यासाठी किरकोळ गोष्ट नसते.

या वासाचं मूळ बाटलीत नव्हतं आणि गोळीतही नव्हतं. पॅकेजिंगचं सामान ज्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलायच्या फळ्यांच्या चौकटीवर, ठेवून नेलं जात होतं, त्या पॅलेटच्या लाकडात ते होतं. तिथपर्यंत पोचायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागलं. पॅलेटच्या धंद्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाने, मग तो फळ्या कापणारा असो, ठोकणारा असो, दुरुस्त करणारा असो की भंगारात घेणारा, हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला फार वाटतं. पॅलेटबद्दल आपण काय विचारतो आणि काय विचारायचं राहून जातं, हे दाखवणारं इतकं स्वच्छ दुसरं प्रकरण माझ्या माहितीत नाही.

काय घडलं

गोळ्या बनवणारी कंपनी मॅकनील कन्झ्युमर हेल्थकेअर, म्हणजे तेव्हाची जॉन्सन अँड जॉन्सनची शाखा. कारखाना पोर्टो रिकोमधल्या लास पिएद्रासचा. २००८ मध्ये तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा पहिला संशय जंतूंवर गेला. संशय चुकीचा म्हणता येणार नाही. कुबट वास म्हटला की बुरशी किंवा जिवाणू डोक्यात येणारच. ऑगस्ट २००८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांतून काही निघालं नाही. तेव्हा चौकशी तिथेच बंद झाली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, पुढे नेमकं यावरच बोट ठेवलं. १५ जानेवारी २०१० च्या इशारापत्रात त्यांनी लिहिलं, की चार महिने तक्रारी येत असूनही त्यांच्याकडे एक मालिका म्हणून पाहिलं गेलं नाही, जंतू सापडले नाहीत म्हणून चौकशी आटोपली आणि रासायनिक दूषणाची शक्यता तपासलीच नाही. अशा घटनेची खबर प्रशासनाला तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. इथे ती सुमारे वर्षभराने गेली.

२००९ मध्ये तक्रारी पुन्हा वाढल्या. या वेळी रसायनाच्या अंगाने तपास झाला आणि सप्टेंबरच्या सुमारास नाव हाती आलं: २,४,६-ट्रायब्रोमोॲनिसोल, थोडक्यात टीबीए. नोव्हेंबर २००९ मध्ये पाच बॅचेस परत मागवल्या. १८ डिसेंबरला त्या लाल झाकणाच्या सगळ्या बॅचेस. १५ जानेवारी २०१० ला, म्हणजे इशारापत्राच्याच दिवशी, यादी एकदम लांबली आणि त्याच कंपनीची मोट्रिन, बेनाड्रिल, रोलेड्स, सिंपली स्लीप अशी इतर औषधंही तीत आली. ज्या पॅलेटना ट्रायब्रोमोफेनॉल हे बुरशीनाशक लावलेलं आहे (टीबीए त्यातूनच तयार होतो) त्यांवरून आलेलं सामान वापरून बनवलेली उत्पादनं पाठवणं थांबवू आणि पुरवठादारांनाही असे पॅलेट बंद करायला लावू, असं कंपनीने जाहीर केलं.

घटनाक्रम एवढाच. खरा अभ्यासाचा भाग लाकडात दडलेला आहे.

लाकडाला औषध का लागतं

पॅलेटसाठी कुणी उत्तम लाकूड वापरत नाही. चांगल्या फळ्या फर्निचरला जातात, बांधकामाला जातात. पॅलेटच्या वाट्याला येतात त्या गाठींच्या, कडेच्या, खोडाच्या बाहेरच्या पांढरट भागाच्या फळ्या. झाड जिवंत असताना या भागातून पाणी वाहत असतं. त्यात साखर आणि पिष्टही असतं. म्हणजे बुरशीला हवं ते सगळं आयतं मांडून ठेवलेलं. करवतीखालून निघालेली अशी ओली फळी उबदार हवेत थप्पी लावून ठेवली, की थोड्याच दिवसांत तिच्यावर निळसर-काळे डाग धरतात. फळीची ताकद त्याने फारशी कमी होत नाही, पण गिऱ्हाईक ती नाकारतं.

यावरचा खरा उपाय म्हणजे लाकूड वाळवणं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली नेला की बुरशीला जगणं कठीण होतं. मात्र भट्टीत वाळवायला इंधन लागतं, दिवस लागतात आणि पॅलेटच्या फळीत तेवढा नफा नसतो. म्हणून स्वस्त वाट निघाली: फळी कापली की लगेच बुरशीनाशकाच्या हौदात बुचकळून काढायची. पूर्वी या हौदात पेंटाक्लोरोफेनॉल असायचं. ते विषारी म्हणून देशोदेशी त्यावर बंधनं आली, तेव्हा दक्षिण अमेरिकेसह काही भागांत त्याची जागा २,४,६-ट्रायब्रोमोफेनॉलने घेतली. अमेरिकेत लाकूडरक्षक म्हणून त्याचा वापर प्रचलित नव्हता. पण लाकूड आणि लाकडाचे पॅलेट सीमा ओलांडून येत-जात असतात, आणि एका देशात हौदात बुडालेली फळी दुसऱ्या देशाच्या गोदामात उतरते.

इथवर वास कुठेच नाही. वास निर्माण करते ती बुरशी, जिच्याविरुद्ध हे औषध लावलं होतं तीच.

ट्रायब्रोमोफेनॉल बुरशीला मारक असतं, पण सगळ्याच बुरशींना आणि कायमचं नाही. औषधाचा थर पातळ पडला, पावसाने धुतला गेला किंवा लाकूड पुन्हा ओलं झालं, की काही चिवट बुरशी तग धरतात. पेनिसिलियम, ॲस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांच्या कुळातल्या. त्या हे विष पचवत नाहीत. त्याच्या रेणूला एक मिथाइल गट जोडून त्याचा डंख काढतात. फेनॉलचं ॲनिसोल होतं. बुरशीच्या दृष्टीने धोका टळला, आणि आपल्या नाकाच्या दृष्टीने तिथेच सुरू झाला. मूळ फेनॉल हवेत तितकंसं उडत नाही. तयार झालेला टीबीए सहज उडतो आणि त्याचा वास जाणवायला नगण्य मात्रा पुरते. वाईनमध्ये लिटरला सुमारे चार नॅनोग्रॅम टीबीए असला तरी तो ओळखू येतो. या हिशोबाने एक ग्रॅम टीबीए २५ कोटी लिटर वाईनला वास लावायला पुरेसा आहे.

मग प्लॅस्टिकचा प्रश्न येतो. टीबीए पाण्यात फारसा मिसळत नाही, तेलकट पदार्थांत आणि पॉलिएथिलीनसारख्या प्लॅस्टिकमध्ये मात्र छान मुरतो. रिकाम्या बाटल्या, झाकणं, पिशव्या पॅलेटवर रचलेल्या असतात, वरून फिल्मचं आवरण गुंडाळलेलं असतं, सगळं बंद कंटेनरमध्ये किंवा उन्हाने तापलेल्या गोदामात उभं असतं. फळीला बाटली चिकटावीही लागत नाही. मधली हवा वाहकाचं काम करते. रिकामी बाटली कारखान्यात पोचते, स्वच्छ दिसते, तिच्यात गोळ्या भरल्या जातात, झाकण घट्ट लागतं. पुढे महिनोनमहिने बाटलीच्या भिंतीतून टीबीए आतल्या कोंडलेल्या हवेत उतरत राहतो. झाकण उघडणाऱ्या माणसाला पहिल्याच क्षणी भपकारा येतो.

शिक्का काय सांगतो

आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची दोन अक्षरं असतात. हा आयएसपीएम १५ या नियमाचा शिक्का. नियम २००२ मध्ये स्वीकारला गेला आणि त्यामागे खरी दुखणी होती: १९९६ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सापडलेला आशियाई लांबशिंगी भुंगेरा, १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये आढळलेला पाइन झाडांचा सूत्रकृमी. मालाबरोबर आलेल्या लाकडातून हे जीव परक्या जंगलात उतरतात आणि उभी झाडं मारतात. म्हणून लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं द्यायचं (एचटी), किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची (एमबी). पुढे विद्युतलहरींनी तापवणं (डीएच) आणि सल्फ्युरिल फ्लोराइडची धुरी (एसएफ) हेही मान्य झालं. लाकडावरची साल काढलेली हवी. सालीचा राहिलेला तुकडा तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल, किंवा रुंद असला तरी ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर चालतो.

नियम चोख आहे आणि आपलं काम करतो. पण ते काम किड्यांपुरतं आहे. ५६ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं लाकूड वाळत नाही. भट्टीतून ते ओलंच बाहेर येऊ शकतं आणि त्यावर नंतर बुरशी धरू शकते. फळी त्याआधी कोणत्या हौदात बुडाली होती याची नोंद करायला शिक्क्यात जागाच नाही. ट्रायब्रोमोफेनॉलमध्ये बुडवलेला एचटी शिक्क्याचा पॅलेट पूर्णपणे नियमात बसतो. अशा वेळी नुसता शिक्का पाहून माल उतरवून घेणाऱ्याने कुठे चूक केली? त्याच्या हातातल्या कागदावर वासाचा रकानाच नव्हता.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण तो मी वारंवार ऐकतो. मिथाइल ब्रोमाइड आणि ट्रायब्रोमोफेनॉल या दोन्ही नावांत ब्रोमिन असल्याने हे धुरीचं पाप आहे असं मानलं जातं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एक किडे मारणारा वायू आहे, दुसरं लाकडाला लावायचं बुरशीनाशक. धुरी बंद केल्याने हा प्रश्न सुटला नसता.

दुरुस्तीत हरवणारी ओळख

पॅलेट दुरुस्तीच्या वखारीत कामाची रीत अशी. गाडीतून पॅलेट उतरतात आणि त्यांची प्रतवारी होते. चांगले तसेच पुढे जातात. एखादी फळी तुटलेली, ठोकळा उडालेला, खिळे वर आलेले असे दुरुस्तीला. अगदी मोडकळलेले पॅलेट सोडवले जातात आणि त्यांतल्या शाबूत फळ्या इतरांच्या दुरुस्तीला लागतात. उरलं त्याचा चुरा. लाकडाची एवढी बचत करणारी पद्धत फार थोड्या धंद्यांत असेल आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. झाड एकदाच कापलं जातं, त्याची फळी मात्र अनेक फेऱ्या करते.

पण याच पद्धतीत फळीची ओळख पुसली जाते. एका देशातल्या सोडवलेल्या पॅलेटची फळी दुसऱ्या देशातल्या पॅलेटच्या अंगावर चढते. आयएसपीएम १५ मध्ये दुरुस्तीची मर्यादा घातलेली आहे: साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती, त्याहून जास्त बदलले तर तो नव्याने बनवलेला पॅलेट. नव्याने बनवला, तर जुने शिक्के कायमचे खोडून पुन्हा प्रक्रिया आणि नवा शिक्का. दुरुस्तीत नवा भाग घातला तर तोही प्रक्रिया झालेल्या लाकडाचा आणि त्यावर स्वतंत्र खूण. हे सगळं पुन्हा किड्यांसाठी. रसायनाच्या दृष्टीने एक तृतीयांश ही मर्यादा अर्थहीन आहे. एक ग्रॅम २५ कोटी लिटर बिघडवत असेल, तर सात चांगल्या फळ्यांत आलेली एक वाईट फळी अख्ख्या थप्पीला पुरते.

म्हणून मॅकनीलचा निर्णय तत्त्वतः बरोबर असूनही अंमलात आणायला अवघड होता. ट्रायब्रोमोफेनॉल लावलेले पॅलेट वापरू नका, असं पुरवठादाराला लिहून देता येतं. पण भाड्याने घेतलेल्या, अदलाबदल झालेल्या, तीनदा दुरुस्त झालेल्या पॅलेटबद्दल पुरवठादार तरी कशाच्या आधारावर हमी देणार? त्या काळात अमेरिकेतल्या पॅलेट उत्पादकांनी आम्ही हे रसायन वापरत नाही असं सांगितलं. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र त्यांच्या अंगणात परदेशी पॅलेट दुरुस्तीला येत नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही.

पुढची दोन वर्षं पाहिली की ही अडचण दिसते. २०१० मध्ये फायझरने लिपिटॉरच्या बाटल्या अशाच वासाच्या तक्रारींवरून परत मागवल्या. बाटल्या बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या होत्या. एप्रिल २०११ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्याच टोपामॅक्सच्या सुमारे ५७ हजार बाटल्या, त्यानंतर रिस्परडाल. औषधं वेगळी, साखळ्या वेगळ्या, वास तोच. २०१२ मध्ये औषधनिर्मिती क्षेत्रातल्या पॅरेंटरल ड्रग असोसिएशन या संस्थेने टीबीए आणि त्याचा क्लोरिनवाला भाऊ टीसीए यांच्यावर स्वतंत्र तांत्रिक अहवाल काढला, क्रमांक ५५. तेव्हापासून औषध उद्योगात पॅलेटचं लाकूड हा पुरवठादारांच्या तपासणीचा विषय झाला.

प्लॅस्टिकचे पॅलेट हा त्यावरचा सरळ तोडगा वाटतो आणि काही कंपन्या तिकडे वळल्याही. पण प्लॅस्टिकचा ढीग गोदामात पेटला तर आग आटोक्यात येत नाही, म्हणून त्यात आगरोधक घालतात आणि त्या काळच्या काही प्लॅस्टिक पॅलेटमध्ये ते आगरोधक ब्रोमिनयुक्तच होतं. वास नव्हता, चिंता वेगळी होती.

जे आधीच माहीत होतं

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कोंबड्यांच्या मांसाला येणाऱ्या कुबट चवीचा छडा लावला होता. कोंबड्यांखाली अंथरलेला लाकडाचा भुसा क्लोरोफेनॉल लावलेल्या लाकडाचा होता आणि बुरशीने त्याचं क्लोरोॲनिसोल केलं होतं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टीबीएबद्दलच लिहिलं, की पॅकेजिंगच्या साहित्यातून तो बंद पाकिटातल्या पदार्थांना वास लावू शकतो. २००४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी वाईनच्या तळघरांतलं लाकूड आणि टीबीए यांचा संबंध मांडला. म्हणजे २००८ ची पहिली तक्रार आली तेव्हा उत्तर छापील स्वरूपात तयार होतं. ते कोंबड्यांच्या, पाकिटांच्या आणि वाईनच्या कपाटात होतं. गोळ्यांच्या कपाटात नव्हतं.

जंतू न सापडल्यावर तपासणाऱ्याने वास घेतलेली बाटली आणि तिचा प्रवास यांकडे वळायला हवं होतं: कुणी बनवली, कशावर ठेवली, किती दिवस, किती उष्णतेत. कच्च्या मालाच्या यादीत पॅलेट नसतो, पॅकेजिंगच्या यादीतही नसतो. ट्रकच्या चाकासारखं त्याला वाहतुकीत धरलं जातं. चाकाचा आणि औषधाचा संबंध येत नाही. पॅलेटचा येतो, कित्येक आठवडे, एकाच बंद हवेत.

निकालात निघालेल्या पॅलेटचं काय

दुरुस्तीची वखार चालवणाऱ्याच्या हातात या बाबतीत काही ठोस गोष्टी आहेत. आलेला पॅलेट कोरडा आहे का हे ओलावामापकाने पाहायचं आणि २० टक्क्यांच्या वर असेल तर त्याला छपराखाली, हवा खेळती राहील अशा थप्पीत वेगळा ठेवायचा. औषध, अन्न, सौंदर्यप्रसाधनं यांच्या गिऱ्हाइकांसाठी भट्टीत वाळवलेल्या, माहीत असलेल्या करवत गिरणीच्या नव्या फळ्यांचा साठा निराळा ठेवायचा आणि त्यात सोडवलेल्या फळ्या मिसळायच्या नाहीत. नाकावर भिस्त ठेवताना एवढं लक्षात ठेवायचं, की दिवसभर लाकडात वावरणाऱ्या माणसाला हा वास लवकर जाणवेनासा होतो. वास घ्यायला बाहेरून आलेला माणूस बरा, आणि खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणारी, चाचणी.

संशय आलेल्या लाकडाला मात्र नेहमीच्या वाटेने जाऊ द्यायचं नाही. चांगल्या लाकडाचा चुरा जनावरांखाली अंथरायला, बागेत पसरायला, पार्टिकल बोर्डला किंवा बॉयलरला जातो. ब्रोमोफेनॉल लावलेल्या लाकडाला यातली एकही वाट धड नाही. जनावरांखाली अंथरलं की १९७२ चीच गोष्ट पुन्हा घडेल. बागेत ओलं राहिलं की बुरशीला काम मिळेल. आणि उघड्यावर किंवा कमी तापमानाच्या भट्टीत जाळलं, तर ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन तयार होऊ शकतात, जे वासापेक्षा कितीतरी घातक असतात. त्याला उच्च तापमानाची, धूर शुद्ध करणारी भट्टी लागते किंवा घातक कचऱ्याची नियंत्रित जागा. ते महाग पडतं. म्हणून असा पॅलेट नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाने तो नुसता परत पाठवून भागत नाही. वखारीत तो बाकीच्यांसारखाच दिसतो, आणि कुणी त्यावर खूण केली नाही तर संध्याकाळपर्यंत त्याच्या शाबूत फळ्या दुसऱ्या पॅलेटला ठोकलेल्या असतात.